नाशिकमध्ये बसून कॅनडातल्या गांजाच्या दुकानाची वयपडताळणी लिहिताना

गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरच्या एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात. पहिलंच काम हाती आलं ते कॅनडातल्या परवानाधारक गांजाच्या दुकानाच्या वेबसाइटचं. त्यातला तुमचा वाटा एवढाच, की ऑर्डर देणारा माणूस वयात बसतो की नाही हे तपासायचं. काम लहान वाटतं. एक तारीख घ्यायची, वजाबाकी करायची, हो किंवा नाही सांगायचं. प्रत्यक्षात याच भागात चूक झाली तर सतरा वर्षांच्या मुलाच्या हातात पाकीट पडतं, किंवा हजारो लोकांची ओळखपत्रं इंटरनेटवर उघडी पडतात.

नवखे लोक या कामात कुठे घसरतात हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे. कोड लिहिता येत नाही अशी अडचण फारशी नसते. आपलं घड्याळ, तारीख लिहायची आपली रीत आणि आपल्या नावांची रचना नकळत कोडमध्ये उतरते, आणि नाशिकमधल्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसत राहतं. म्हणून पुढच्या पायऱ्या वाचताना प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारत चला: हे गृहीतक टोरांटोतलं आहे की माझं?

पायरी १: दोन्हीकडचा कायदा आधी वाचा

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा कायदेशीरपणे विकत घेता येतो. अल्पवयीनाला तो विकल्यास किंवा दिल्यास तिथल्या कायद्यात १४ वर्षांपर्यंत कैद आहे. वेबसाइटवर माहिती किंवा जाहिरात दाखवायची, तर ती अल्पवयीनांपर्यंत पोहोचू नये यासाठी दुकानदाराने ‘वाजवी पावलं’ उचललेली असली पाहिजेत, असंही तो कायदा सांगतो. तुम्ही लिहिणार असलेला कोड म्हणजे त्या वाजवी पावलांपैकी एक आहे, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे चित्र पूर्ण वेगळं आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बाळगणं, विकणं, विकत घेणं गुन्हा ठरवलं आहे. सिंहस्थात तपोवनात साधूंच्या हातात चिलीम पाहिली म्हणून इथे त्याला मोकळीक आहे, असं समजू नका. भांगेची पानं त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. तरीही महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय भांगही बाळगता येत नाही.

याच एनडीपीएस कायद्याचं कलम १२ प्रत्येक नव्या मुलाने आणि मुलीने वाचावं असं मला वाटतं. भारताबाहेर अमली पदार्थ मिळवून तो भारताबाहेरच्याच व्यक्तीला पुरवण्याचा व्यापार करणं किंवा त्यावर नियंत्रण ठेवणं, हे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. कलम २४ मध्ये त्यासाठी १० ते २० वर्षांची सक्तमजुरी आहे. सॉफ्टवेअर लिहिणं आणि व्यापार चालवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ती रेषा तुमच्या कंपनीने वकिलाकडून लेखी समजून घेतलेली असावी. ऑर्डर मंजूर करणं, माल कुठून कुठे जाईल ते ठरवणं, विक्रीच्या प्रमाणात कमिशन घेणं, असलं काही तुमच्या कामात सरकायला लागलं तर तिथेच थांबा आणि वरिष्ठांना विचारा. असं विचारल्याने नोकरीत कुणी कमी लेखत नाही.

पायरी २: वयाचा तक्ता कोडच्या बाहेर ठेवा

कॅनडाच्या केंद्रीय कायद्यात किमान वय १८ आहे, पण प्रांतांना ते वाढवता येतं. अल्बर्टात १८, क्युबेकमध्ये १ जानेवारी २०२० पासून २१, बाकी प्रांतांत १९. अमेरिकेत ज्या राज्यांनी प्रौढांना परवानगी दिली आहे तिथे २१. कॅलिफोर्नियात डॉक्टरांच्या शिफारशीवर औषध म्हणून घेणाऱ्याला १८. नाशिककरांना ही कल्पना नवी नाही. आपल्याकडेही वाइन आणि बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ अशी दोन वयं आहेतच.

त्यामुळे कोडमध्ये कुठेही ‘१९’ हा आकडा थेट लिहू नका. प्रांत, वस्तूचा प्रकार, किमान वय आणि नियम कधीपासून लागू झाला ती तारीख, असा तक्ता करा. त्यात ‘इथे विक्रीच नाही’ ही नोंदही हवी. क्युबेकमध्ये ऑनलाइन विक्री फक्त सरकारी कंपनी करते. तिथला पत्ता टाकणाऱ्याला तुमच्या खासगी दुकानाने वय विचारायचंच कारण नाही. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत मात्र खासगी दुकानांना घरपोच देण्याची कायमची मुभा मार्च २०२२ पासून आहे, आणि तुमचा क्लायंट बहुधा तिथलाच असेल.

प्रांत ठरवायचा तो माल जिथे पोहोचणार त्या पत्त्यावरून. आयपी पत्त्यावरून फार तर पहिल्या पानावर अंदाज बांधा.

पायरी ३: तपासणी चार ठिकाणी होते

पहिली तपासणी साइट उघडताना. ‘तुमचं वय १९ पूर्ण आहे का?’ या बटणाने कुणाचंही वय सिद्ध होत नाही, पण तरी ते हवं, कारण उत्पादनांची पानं मुलांसमोर सहज येऊ नयेत. तिथे ‘हो’ आधीच निवडलेलं ठेवू नका. ‘नाही’ म्हणणाऱ्याला लगेच पुन्हा ‘हो’ म्हणायची संधीही देऊ नका. दुसरी तपासणी खातं उघडताना, ओळखपत्र पाहून. तिसरी ऑर्डर देताना. चौथी दारात, माल हातात देताना.

नव्या मंडळींना दुसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तंत्रज्ञान तिथे जास्त आहे. माझ्या मते चौथी सगळ्यात महत्त्वाची, आणि आधीच्या तिन्ही तिला मदत म्हणून आहेत. खातं आईचं आणि फोन मुलाच्या हातात, ही स्थिती पहिल्या तीन ठिकाणी पकडता येत नाही.

पायरी ४: ओळखपत्र वाचणं

कॅनडा आणि अमेरिकेतल्या बहुतेक ड्रायव्हिंग लायसन्सच्या मागे पीडीएफ४१७ नावाचा आडवा, दाट बारकोड असतो. आम्व्हा या संस्थेच्या मानकाप्रमाणे त्यात मजकूर भरलेला असतो आणि प्रत्येक माहितीला तीन अक्षरी खूण असते. डीबीबी म्हणजे जन्मतारीख, डीबीए म्हणजे मुदत संपण्याची तारीख, डीसीजी म्हणजे देश. आता नीट लक्ष द्या. अमेरिकेच्या लायसन्समध्ये तारीख महिना-दिवस-वर्ष अशी असते आणि कॅनडाच्या लायसन्समध्ये वर्ष-महिना-दिवस. दोन्हीकडे आठच अंक. म्हणून आधी डीसीजी वाचा, मगच डीबीबीचा अर्थ लावा. आणि आपली सवय दिवस-महिना-वर्षाची, म्हणजे ही तिसरीच पद्धत. ग्राहकाला तारीख टाइप करायला लावायची असेल तर महिना अक्षरी नावाने निवडू द्या. ०५/०७ म्हणजे ५ जुलै की ७ मे, हा वाद मग उरतच नाही.

बारकोड वाचता आला म्हणजे लायसन्स खरं आहे, असं नाही. त्या मजकुरावर खरेपणाची कुठलीही डिजिटल सही नसते. मानक उघड आहे, त्यामुळे खोटं लायसन्स बनवणारा त्यावर अचूक वाचला जाणारा बारकोड छापू शकतो. समोरच्या बाजूला छापलेली तारीख आणि मागची बारकोडमधली तारीख जुळते का, हे तपासलं की कच्चे खोटे कागद पकडले जातात. पक्के खोटे पकडायला कागदपत्र तपासणारी सेवा लागते, आणि तरीही दारातली तपासणी लागतेच.

पासपोर्टचं वेगळं आहे. फोटोच्या पानावर खाली ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत जन्मतारीख सहा अंकांत येते, आणि तिच्यापाठोपाठ एक तपासणी-अंक. तो काढायची रीत सोपी आहे. समजा जन्मतारीख १२ ऑगस्ट २००४, म्हणजे ०४०८१२. या अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणा: ०, १२, ०, ५६, ३, २. बेरीज ७३. दहाने भागल्यावर बाकी ३, म्हणून तपासणी-अंक ३. कॅमेऱ्याने ८ ऐवजी ३ वाचला तर बेरीज ३८ होते, बाकी ८ येते आणि चूक लगेच कळते. हे एकदा वहीवर करून पाहा, मगच लायब्ररी वापरा. या अंकाने वाचनातली चूक कळते, बनावट पासपोर्ट कळत नाही. आणि वर्षाचे दोनच अंक असल्यामुळे ०४ म्हणजे १९०४ की २००४ हे तुम्हाला ठरवावं लागतं.

नावांकडे आपण मराठी माणसांनी विशेष काळजीने पाहायला हवं, कारण ही अडचण आपल्याला घरातूनच माहीत आहे. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तर ऑर्डरवर नुसतं नाव आणि आडनाव. कुणाच्या पासपोर्टवर आडनावच नाही. लग्नानंतर नाव बदललेलं, पण लायसन्सवर जुनंच. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये भारतीय वंशाचे हजारो ग्राहक आहेत, आणि अक्षराला अक्षर जुळवणारा कोड त्यांना विनाकारण अडवतो. पासपोर्टच्या त्या दोन ओळींपैकी पहिलीत नावासाठी ३९ जागाच असतात, लांब नाव तिथे तुटतं. नाव पूर्ण जुळलं नाही तर थेट नाकारू नका, माणसाकडून तपासणीसाठी पाठवा. जन्मतारखेला मात्र अशी सूट द्यायची नाही.

पायरी ५: वय मोजणं

खरी कसोटी इथे लागते. १२ ऑगस्टला एकोणीस पूर्ण होणारा टोरांटोतला मुलगा घ्या. उन्हाळ्यात टोरांटो नाशिकच्या साडेनऊ तास मागे असतं. आपल्याकडे १२ ऑगस्टचे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा तिथे ११ तारखेचे दुपारचे अडीच वाजलेले असतात. सर्व्हर भारतीय वेळेवर चालत असेल तर तो मुलगा साडेनऊ तास आधीच वयात येतो. हिवाळ्यात हे अंतर साडेदहा तासांचं होतं. म्हणून ‘आज’ कोणती तारीख आहे हे नेहमी माल जिथे जायचा त्या ठिकाणच्या टाइमझोनमध्ये काढा. नुसत्या प्रांतावरही भागत नाही. ओंटारियोचा पश्चिमेकडचा भाग, केनोरासारखी गावं, टोरांटोच्या एक तास मागे असतात. न्यूफाउंडलंडला तर आपल्यासारखाच अर्ध्या तासाचा हिशेब आहे.

दुसरा सापळा जावास्क्रिप्टमधला, आणि तो नाशिकमध्ये दिसतच नाही. ‘२००६-०८-१२’ अशी नुसती तारीख डेट ऑब्जेक्टला दिली की जावास्क्रिप्ट ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र धरते. नाशिकमध्ये ती वेळ १२ तारखेचे पहाटेचे साडेपाच. तारीख बरोबर दिसते, टेस्ट हिरवी होते. टोरांटोत तोच क्षण ११ तारखेच्या रात्रीचे आठ. म्हणजे जन्मतारीख एक दिवस अलीकडे सरकली आणि ग्राहक एक दिवस आधी प्रौढ ठरला. जन्मतारीख ही वेळ नाही. तिला तास-मिनिटं जोडूच नका. डेटाबेसमध्ये ती नुसत्या तारखेच्या प्रकारात ठेवा, आणि कोडमध्ये वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे आकडे म्हणून तुलना करा.

दिवसांना ३६५.२५ ने भागून वय काढणं तर पूर्ण टाळा. नेमक्या वाढदिवसाच्या आसपास ते चुकतं, आणि आपल्याला नेमकी तिथेच अचूकता हवी आहे. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय साध्या वर्षात २८ फेब्रुवारीला पूर्ण धरायचं की १ मार्चला, हे तुम्ही ठरवू नका. क्लायंटच्या वकिलाला लेखी विचारा आणि ते उत्तर टेस्टच्या शेजारी लिहून ठेवा. उत्तर येईपर्यंत १ मार्च धरा, म्हणजे चूक झालीच तर एक दिवस उशीर होईल, घाई नाही.

पायरी ६: सेल्फी

ओळखपत्रातला चेहरा आणि समोरचा चेहरा एकच आहे का, हे सेवा देणारी बाहेरची कंपनी तपासते. तुम्ही फक्त तिचं उत्तर घेता. फोनच्या स्क्रीनवरचा फोटो कॅमेऱ्यासमोर धरला तर पकडला जातो का, हे विचारा, आणि आयएसओ ३०१०७-३ या मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचा दाखला मागा.

नुसत्या चेहऱ्यावरून वयाचा अंदाज लावणाऱ्या पद्धतीही आहेत. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने मे २०२४ मध्ये अशा अल्गोरिदमचा तौलनिक अहवाल काढला. त्यात चूक काही वर्षांची असू शकते, आणि लिंग, वंश, फोटोची प्रत यांप्रमाणे ती बदलते, हे स्पष्ट दिसतं. म्हणून १९ ची सीमा अशा अंदाजावर कधीही ठरवू नका. अठरा आणि एकोणीस यांतला फरक चेहऱ्यावर लिहिलेला नसतो.

पायरी ७: काय ठेवायचं आणि काय पुसायचं

गांजा विकत घेणं कॅनडात कायदेशीर असलं तरी बहुतेक देशांत नाही. अशी खरेदी केल्याचं कळलं तर एखादा देश प्रवेश नाकारू शकतो, आणि म्हणून ही माहिती अतिशय नाजूक आहे, असं कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या कार्यालयाने २०१८ मध्येच दुकानदारांना बजावलं. ती शक्यतो कॅनडातच साठवावी, असाही त्यांचा सल्ला होता. याचा आपल्यासाठी सरळ अर्थ असा: खऱ्या ग्राहकाची माहिती नाशिकच्या लॅपटॉपवर येता कामा नये. तक्रार तपासायची असली तरी नाही.

ही भीती पोकळ नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये कॅनडा पोस्टच्या ट्रॅकिंगमधून ओंटारियो कॅनाबिस स्टोअरच्या सुमारे ४,५०० ऑर्डरींची माहिती बाहेर गेली. तिच्यात माल घेणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं आणि पोस्टल कोड होते. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या गांजा-दुकानांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका कंपनीची क्लाउडवरची साठवण उघडी सापडल्याचं जाहीर झालं. तिच्यात ३०,००० हून जास्त लोकांची माहिती होती आणि ओळखपत्रांच्या स्कॅन प्रतीही. त्या प्रती ठेवल्याच नसत्या तर फुटल्याही नसत्या.

मग ठेवायचं काय? तपासणीचा निकाल, तारीख आणि वेळ, कोणत्या पद्धतीने तपासलं, कोणत्या प्रांताचा कोणता नियम लावला, आणि सेवा देणाऱ्या कंपनीचा संदर्भ क्रमांक. तपासनीस आला तर एवढ्यावर दुकानदाराला आपली बाजू मांडता येते. ओळखपत्राचा फोटो, सेल्फी, बारकोडमधला पूर्ण मजकूर हे निकाल लागताच पुसायचं. बारकोडमध्ये पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग असं बरंच असतं. तुम्हाला हवं आहे ते फक्त वय आणि मुदत. क्लायंटने जास्त काही ठेवायला सांगितलं तर कोणत्या नियमाखाली आणि किती दिवस, हे विचारून घ्या.

क्रमांक झाकायची आपली सवयही इथे नडते. आधारसारखे शेवटचे चार अंक दाखवायचे आणि बाकी फुल्या मारायच्या. ओंटारियोच्या लायसन्स क्रमांकाचे शेवटचे सहा अंक जन्मतारखेवरूनच येतात. म्हणजे शेवटचे चार दाखवले की महिना आणि दिवस बाहेर गेला. हॅश, म्हणजे उलटा न फिरवता येणारा सांकेतिक अंक, करून ठेवला तरी पुरेसं नाही, कारण नाव आणि जन्मतारीख माहीत असणाऱ्याला शक्य ते क्रमांक एकेक करून तपासता येतात. उपाय एकच, क्रमांक ठेवूच नका.

लॉगकडेही पाहा. चुकीचा बारकोड आला की अख्खा मजकूर लॉगमध्ये छापायचा मोह होतो. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा त्याहून जास्त. दोन्ही बंद.

मोबाइलमधल्या लायसन्ससाठी २०२१ मध्ये आलेलं आयएसओ १८०१३-५ हे मानक मला यातलं सगळ्यात आशादायक वाटतं. त्यात ‘वय २१ च्या वर आहे का’ या प्रश्नाला नुसतं हो-नाही उत्तर मागता येतं, जन्मतारीख न घेता. क्लायंट अशी सोय घालायचा विचार करत असेल तर उत्साहाने पुढे व्हा.

पायरी ८: दारातला माणूस

ओंटारियोत जो २५ पेक्षा लहान दिसतो त्याचं ओळखपत्र पाहावंच लागतं. डिलिव्हरी करणाऱ्याच्या ॲपमध्ये ‘तपासलं’ असं एकच बटण ठेवू नका. दिवसभराच्या धावपळीत ते न पाहता दाबलं जातं. त्याऐवजी ओळखपत्राचा प्रकार निवडायला लावा, आणि ‘या तारखेला किंवा त्याआधी जन्मलेला असावा’ ही तारीख मोठ्या अक्षरात दाखवा. त्याला मनात वजाबाकी करायला लावू नका. माल परत न्यायची वाट सोपी हवी: एक कारण निवडा, संपलं. परत आणल्याबद्दल त्याचे पैसे कापले जात असतील तर ही सगळी पायरी कोसळते. हा प्रश्न कोडचा नाही, तरी क्लायंटच्या बैठकीत तो काढायची हिंमत करा.

पायरी ९: टेस्टिंग

टेस्टसाठी स्वतःचं, भावाचं किंवा मित्राचं लायसन्स वापरू नका. बनावट ओळखपत्रांचे फोटो गुगलवरून उतरवू नका. सेवा देणाऱ्या कंपन्या नमुन्याचा डेटा देतात, तो मागा. चालू साइटवर खरी ऑर्डर देऊन पाहणं पूर्ण वर्ज्य.

लॅपटॉपचा टाइमझोन टोरांटोचा करून सगळ्या टेस्ट एकदा चालवा, मग केनोराच्या वेळेवर, मग न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सच्या. वाढदिवसाच्या आदल्या रात्री ११:५९ आणि त्या दिवशी ००:०१, दोन्ही तपासा. कालच मुदत संपलेलं लायसन्स, आडनाव नसलेला पासपोर्ट, अल्बर्टातला अठरा वर्षांचा ग्राहक ओंटारियोतल्या पत्त्यावर मागवतो आहे, खातं उघडल्यावर पत्ता क्युबेकचा केला आहे, ही प्रकरणं यादीत हवीतच. अडवलेल्या ग्राहकाला दिसणारा संदेशही वाचून पाहा. कारण सांगताना ‘आणखी इतक्या दिवसांनी या’ असं त्यात लिहू नका.

कॅनडाच्या बऱ्याच भागांत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे होतात. टोरांटोत तेव्हा पहाटेचे दोन असतात, नाशिकमध्ये मार्चात दुपारचे साडेबारा आणि नोव्हेंबरात साडेअकरा. कुणी कोडमध्ये साडेदहा तासांचा फरक हाताने लिहून ठेवला असेल तर तो त्या वेळी उघडा पडतो. या दोन रविवारी टीममधल्या एकाची पाळी लावा, आणि पुढच्या मध्यरात्रीपर्यंत मंजूर झालेल्या वयांचे निकाल त्याला तपासायला सांगा.